निळा बेस, एकवीस पोळ्या

भाऊजी, परवा आम्ही तुमच्या बेस गिटारची मान काढली. तुम्ही असता तर काढू दिली नसती, म्हणून तर तुम्ही जाईपर्यंत थांबलो.

तुम्हाला जाऊन तेवीस दिवस झाले. पुण्यानुमोदनाला लातूरच्या त्या मंडपात सगळे बोलले. कुणी तुम्हाला कलावंत म्हटलं, कुणी चळवळीतला माणूस. एकानं तर तुम्ही आयुष्यात कधी रागावला नाहीत असं सांगितलं. त्यानं तुम्हाला शिट्टी मारणाऱ्या माइकपुढं उभं राहिलेलं पाहिलेलं नसावं. रोहिणी माझ्या मागं लागली होती, "मोठीआई, तूबी बोल की बाबांवर." मी नाही म्हटलं. नवऱ्याच्या धाकट्या भावाबद्दल मला जे सांगायचं होतं ते मंडपात सांगण्यासारखं नव्हतं. ते तुम्हालाच सांगायचं होतं, आणि तुम्ही तर पुढ्यात फोटोत, कॉलरचं वरचं बटण लावून बसलेले. वरचं बटण तुम्ही कधी लावायचात? म्हणून नांदेडला घरी येऊन लिहायला बसले आहे. जन्मभर शाळेत पोरांचे निबंध लाल केले. हा तपासायला कोणी नाही, तेवढं बरं आहे.

बेस का उघडला ते आधी सांगते, नाही तर तुम्ही पुढचं ऐकणारच नाही.

गोष्ट रोहिणीच्या गाळ्याची आहे. त्याला मी अजून तुमचाच गाळा म्हणते, पण आठ वर्षं तीच तर जुनी वाद्यं दुरुस्त करते, घेते, विकते. तुम्ही नुसतं स्टुलावर बसून तिला चुका दाखवत होता. तुम्ही गेलात आणि दहाव्या दिवशी मालक आला. गाळा विकायचाय म्हणाला. पहिला हक्क तुझा, महिन्याच्या आत इसार दे, नाही तर पलीकडचा मोबाइलवाला तयार आहे. दुकानात काय होतं? दुसऱ्यांच्या पेट्या, फुटक्या ढोलक्या, तीन गिटारी. आणि मागच्या भिंतीवर, पडद्याआड, तुमचा बेस. हैदराबादचा नईम किती वर्षं तुमच्याकडं तो मागत होता. अमेरिकन कंपनीचा, साठ वर्षांचा, जर खरोखर तोच असेल तर. तो अस्सल निघाला तर गाळा राहणार होता. आणि अस्सल निघूनही रंगामुळं भाव पडला असता, तर तो माझ्यामुळं पडणार होता.

रंगाचं प्रकरण तुम्ही इतक्या जणांना सांगितलंत की आता माझ्या बाजूनं एकदा सांगू द्या.

बेस घरात आला तेव्हा मी सहा महिन्यांची सून होते. चोवीस वर्षांची, डी.एड. झालेली, माहेर अर्धापूरचं, आणि जगातल्या प्रत्येक वस्तूबद्दल पक्कं मत असलेली. ती बाई आज समोरून आली तर मी रस्ता ओलांडून पलीकडं जाईन. ती मला थांबवून माझी पिशवी कोणत्या खांद्याला हवी ते सांगेल.

तुम्ही वीस वर्षांचे. सिकंदराबादला चर्चमध्ये वाजवणाऱ्या एका म्हाताऱ्याला तुम्ही तुमची सायकल दिलीत, वर डग्गा-तबल्याची जोडी दिलीत, आणि बदल्यात गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी घेऊन रेल्वेनं आलात. अंगणात गोधडी सोडली. सासूबाईंनी वाकून पाहिलं.

"ह्येला चारच तारा? बाकीच्या कुटं गेल्या?"

"बाई, ह्येला चारच असत्यात," तुम्ही आईला म्हणालात.

"सायकलीला दोन चाकं व्हती, ती चालत तरी व्हती," म्हणाल्या, आणि आत गेल्या.

मला मात्र तो दिसायला आवडला होता, हे मी तेव्हा बोलले नाही. मधे पिवळा, मग तांबडा, काठाला काळपट. तुम्ही त्याला सूर्य म्हणायचात.

आपली गायन पार्टी तेव्हा जोरात होती. तुमचे दादा पेटीवर, तुम्ही बेसवर, मी गायला. एप्रिलात जयंतीचा कार्यक्रम नांदेडातच होता आणि मी फर्मान काढलं की स्टेजवर जे दिसेल ते निळं दिसलं पाहिजे. पेटीवर निळं कापड, ढोलकीला निळी दोरी, माइकच्या दांड्याला निळी रिबीन. आणि या सगळ्याच्या मधोमध तुमचा तांबडा-पिवळा सूर्य. तुम्ही धर्माबादला स्पीकर आणायला गेला होतात. घराच्या दाराला दिलेल्या ऑइलपेंटचा अर्धा डबा उरला होता. मी बेस गच्चीवर नेला, बटणांना वर्तमानपत्राच्या टोप्या घातल्या आणि दोन हात दिले. तारा काढायच्या असतात हे मला माहीत नव्हतं. पाठीमागचे स्क्रूसुद्धा रंगवायचे सोडले नाहीत.

चळवळीसाठी केलं असं मी पुढं कित्येक वर्षं सांगितलं. ते निम्मं खरं आहे. त्या दिवशी मी निळी साडी नेसणार होते आणि फोटोवाला येणार होता.

संध्याकाळपर्यंत वाळेल असं मला वाटलं. तुम्ही आलात, पाहिलंत. बेस गळ्यात अडकवलात आणि दीड तास वाजवलात. कार्यक्रम संपल्यावर तो सुटेना. पांढरा शर्ट त्याला चिकटलेला. तुमच्या दादांनी तुम्हाला मागून धरलं, मी बेस पुढून ओढला. शर्टावर पोटाशी निळी कोर उमटली ती शर्ट फाटेपर्यंत राहिली.

तीन दिवस अबोला. चौथ्या दिवशी मी भाकरी वाढत असताना तुम्ही ताटाकडं बघत म्हणालात, "वैनी, तुमी सूर्य बुजवला. दंड लागंल."

"काय दंड?"

"एकवीस शेंगाच्या पोळ्या. दरसाल, जयंतीच्या आधी."

"दरसाल? जन्मठेप हाय का?"

"सूर्य परत आला की सोडून देऊ."

तुमचे दादा हसले, आणि दंड कायम झाला.

पुढं तुम्ही लातूरला दुकान टाकलंत, जुन्या वाद्यांचं मोल करायला शिकलात, आणि माझा गुन्हा वाढला. तोवर मी फक्त एक सुंदर वस्तू खराब केली होती. आता कळलं की अंगचा रंग गेला की वस्तूचा भाव निम्म्यावर येतो. हे तुम्ही मला दर एप्रिलला, पोळी खाता खाता सांगायचात. आणि दर एप्रिलला आपलं तेच भांडण.

"वस्तू जशी जन्मली तशी ऱ्हायली, तरच तिला भाव, वैनी."

"म्हंजी तुमच्या धंद्यातबी जन्मच बघतेत?"

"लाकडाचा."

"जन्मला तसाच ऱ्हा म्हणणाऱ्यांचंच ऐकायचं, तर आपल्या बापांनी छप्पन्न साली कशाला धर्म बदलला?"

"माणसाचं वायलं, वैनी. लाकडाचं वायलं."

"लाकडाला इचारलं का?"

यावर तुम्ही पुढची पोळी उचलायचात. भांडण तिथंच थांबायचं, आणि पुढच्या वर्षी तिथूनच उठायचं. मला वाटायचं मीच जिंकते. तुमचं तोंड भरलेलं असायचं म्हणून तुम्ही गप्प होतात, हे आता कळतंय.

तरी तुमची मोल करायची रीत मला आवडायची. मे महिन्यात मी आठ-आठ दिवस दुकानात बसून पाहिली आहे. कुणी गिटार आणली की तुम्ही तिच्या डोक्यावरचं नाव वाचतच नव्हता. "नाव कुणीबी चिकटवतंय." आधी मांडीवर घेऊन, डोळे मिटून वजन बघायचं. मग वास घ्यायचा. पाठीच्या पोलादी पट्टीवरचा नंबर वहीत उतरवायचा, पण त्यावर विश्वास ठेवायचा नाही, कारण पट्टी चार स्क्रूंची, कुणीही बदलेल. मग ते चार स्क्रू काढून मान वेगळी करायची. मान जिथं धडात बसते तिथं कारखान्याचा शिक्का असतो, आणि तिथंच, कुणाचा ब्रश पोचत नाही अशा जागी, पहिला रंग शिल्लक असतो. मग तारांचा आवाज पकडणाऱ्या पिकपभोवतीची पुढची प्लेट उघडायची. आवाजाच्या बटणांच्या पोटावर बारीक आकडे असतात, त्यात वर्ष आणि आठवडा. वायरी जोडणाऱ्या कथलाच्या जुन्या डागाला न चमकणारी साय आलेली असते. चमकला की समजायचं, कुणीतरी हात घातलाय.

आणि शेवटी पेन्सिल. जे सापडलं ते प्लेटखालच्या लाकडावर लिहायचं. काय अस्सल, काय बदललेलं. खाली तारीख आणि "प्र." पुढं जो उघडेल तो फसू नये म्हणून. मी एकदा विचारलं होतं, पेन्सिलीवर कोण विश्वास ठेवणार? तुम्ही म्हणालात, "ज्येला फसायचं न्हाई, त्यो."

अजून एक रीत होती. वाजवणाऱ्यासमोर भाव सांगायचा नाही. माहूरचा तो माणूस आठवतो? यात्रेत वाजवायचा. गिटार विकायला आणली होती. सगळं बघून झाल्यावर तुम्ही म्हणालात, "मामा, जरा चहा घिऊन या," आणि भाव त्याच्या मेव्हण्याला सांगितलात. तो गेल्यावर मी कारण विचारलं. "वाजवणाऱ्याला वाटतं, भाव त्येचाच लावून राहिलो," म्हणालात.

सगळ्यांच्या माना काढल्यात, स्वतःच्या बेसची मात्र नाही. कुणी विचारलं तर एकच उत्तर. "आपल्याच माणसाची झडती कोण घेतं?" मी त्यावर विश्वास ठेवला. चौतीस वर्षं मास्तरीण होते, पोरांच्या खोट्या सह्या लांबून ओळखायचे, आणि तुमच्या या वाक्यावर विश्वास ठेवला.

तुमचे दादा मार्चमध्ये गेले. एप्रिल आला. मी शाळेतून यायची आणि भिंतीकडं तोंड करून पडायची. माझी बहीण येऊन राहिली होती, तीच भाकरी टाकायची. एक दिवस दुपारी तुम्ही लातूरहून आलात, उंबऱ्यावर बसलात, तांब्याभर पाणी प्यालात आणि म्हणालात, "वैनी, पोळ्या?"

बहीण तुमच्या अंगावर धावून आली. "लाज वाटती का भाऊजी? महिना न्हाई झाला घरातलं माणूस जाऊन."

तुम्ही माझ्याकडं बघून म्हणालात, "दंड माफ न्हाई."

मी उठले. इतका राग मला तुमच्यावर आधी कधी आला नव्हता, नंतरही नाही. शेंगदाणे भाजले, कुटले, गूळ किसला. एकवीस लाटल्या. रागानं लाटल्या म्हणून जाड झाल्या. तुम्ही मोजून घेतल्यात, पंच्यात बांधल्यात आणि एसटी गाठलीत. महिन्याभरात मी पहिल्यांदा चूल पेटवली होती. बहीण म्हणाली, असला दीर वैऱ्यालाही नको. मी तिला हो म्हटलं. संध्याकाळी तिनं भाकरी टाकायला पीठ काढलं तर मी तिच्या हातातनं परात घेतली.

त्याबद्दल मी तुमचे आभार कधी मानले नाहीत. राग गेला असंही कधी सांगितलं नाही. दोन्ही राहिलं.

यंदाच्या एप्रिलला मी सतराच आणल्या होत्या. मनगट धरतं आता. तुम्ही डबा उघडून मोजल्यात.

"चार कमी."

"हात दुखतोय."

"रंग देताना न्हाई दुखला."

"चार पुढल्या बारीला आणते."

पुढली बारी म्हणजे परवा. चार पोळ्या करून स्टीलच्या डब्यात घेतल्या आणि सकाळच्या एसटीनं लातूरला गेले. कुणासाठी नेत होते ते विचारू नका. बाकी ठेवायची सवय नाही, एवढंच.

नईम आधीच आला होता. पस्तिशीचा आहे, कानात बाळी. मला वाटलं हा पोरगा काय बघणार. पण त्यानं बेस मांडीवर घेतला, डोळे मिटले आणि नाकाजवळ नेला, तेव्हा रोहिणीनं माझ्याकडं पाहिलं. अगदी तुमच्यासारखा. "चाचा के सामने बैठ के सीखा, अम्मा," म्हणाला. पट्टीवरचा नंबर उतरवला आणि मान हलवली, म्हणजे नंबर ठीक आहे पण विश्वास नाही. मग त्यानं भिंग काढलं आणि पाठीमागच्या स्क्रूंवर धरलं.

"अम्मा, ये पैले खुले हुए हैं. खाचे में का नीला कलर टूटेला है."

"न्हाई रे बाबा," मी म्हटलं, "त्यांनी आपला बेस कधीच खोलला नव्हता." रोहिणीही म्हणाली, कधीच नाही. नईमनं पेचकस फिरवला.

मान निघाली. टाचेवर शिक्का होता, पुसट, पण त्याला वाचता आला. "गर्दन असली है." रोहिणीनं तोवर टेबलाची कड धरली होती ती सोडली. मग त्यानं धडातल्या खाचेत उजेड टाकला, आणि बराच वेळ तिथंच बघत राहिला. खाचेत पिवळा नव्हता, तांबडा नव्हता. पांढरा होता, दुधावर साय धरते तसा. त्यानं कडेला भिंग लावून मला दाखवलं. वर माझा निळा. त्याखाली तुमचा सूर्य. सूर्याखाली राखाडी लांबी, भिंतीला भरतात तशी. आणि त्याखाली कणभर पांढरा.

"म्हणजे काय?" मी विचारलं.

रोहिणी हळूच म्हणाली, "मोठीआई, सूर्यबी अस्सल नव्हता. बाबांनी आणला तवाच कुणीतरी रंगवलेला होता. कंपनीचा पांढरा. तुझ्या आधीच भाव पडलेला होता."

मी स्टुलावर बसले. ज्या सूर्यासाठी मी पन्नास वर्षं पोळ्या लाटल्या तो सिकंदराबादच्या कुणा पेंटरनं काढलेला. आणि खरं सांगते, पहिल्यांदा मला तुमचीच दया आली. मनात म्हटलं, बिचारे भाऊजी, इतक्यांच्या माना काढल्या आणि स्वतःच्या घरातलं यांना कळलंच नाही. एक मिनिट मला तुमची दया आली होती, ही गोष्टसुद्धा इथं लिहून ठेवते.

मग नईमनं पुढची प्लेट काढली. बटणांच्या पोटावरचे आकडे वाचता वाचता तो थांबला. एका बटणाचा डाग चमकत होता. "ये एक नया है," म्हणाला. "अम्मा, पुराने बाजे जमा करने वाले कलेक्टर लोगां इसीच पे अटकते. एक नया निकला तो बोलते, और क्या क्या बदले सो कौन बताएंगा?" रोहिणीनं पुन्हा टेबलाची कड धरली.

नईमनं उजेड जरा बाजूला नेला आणि एकदम सरळ बसला. "चाचा की पेन्सिल," म्हणाला. भिंग माझ्या हातात दिलं.

अक्षर तुमचंच. "र"चं शेपूट खाली ओढलेलं. मी वर्गात वाचतात तसं मोठ्यानं वाचलं.

"मान अस्सल. पिकप अस्सल. एक बटण मी बदललं, जुनं चहापत्तीच्या डब्यात. रंग तिसरा. दुसराही कंपनीचा नव्हता. वैनीचा दोष नाही. वैनीला सांगू नये. प्र."

खाली तारीख. तुमचे दादा गेले त्या वर्षीचा एप्रिल. तुम्ही माझ्या उंबऱ्यावर येऊन बसलात त्याच्या दोन दिवस आधीची.

आधी रोहिणी हसली. मग नईम, त्यानं अर्थ विचारून घेतला आणि मग हसला. रोहिणीनं मोबाइल काढून तेव्हापासूनच्या पोळ्यांचा गुणाकार केला आणि आकडा मला सांगितला. तो मी इथं लिहीत नाही, तुम्हाला आनंद होईल.

चहापत्तीचा डबा वरच्या फळीवर होता, स्क्रूंच्या डब्यांमागं. आत कागदाच्या पुडीत ते जुनं बटण. नईमनं पोटावरचे आकडे वाचले, मानेवरच्या शिक्क्याशी ताडून पाहिले, आणि भिंग खिशात ठेवलं. उरलेलं काही त्यानं तपासलंच नाही. "चाचा ने लिखे सो बस," म्हणाला. मग माझ्याकडं बघून जरा घुटमळला. मला कळलं. मी त्या बेसशेजारी उभी राहून गायलेली बाई. मी डबा उचलला आणि म्हटलं, "मी चहा घेऊन येते."

टपरीवर बसले. चहा सांगितला, डबा उघडला आणि एक पोळी स्वतःच खाल्ली. दंडाच्या पोळ्यांतली मी स्वतः खाल्लेली ही पहिली. गूळ जरा कमी होता. तुम्ही कधी बोलला नाहीत.

विधवा वहिनीनं दरसाल दिराच्या गावाला जायचं, आठ-आठ दिवस राहायचं, तर लोकांना कारण लागतं. तेव्हा मलाही लागलं असतं. "दंड भरायला चालले" म्हटलं की शेजारणी हसायच्या आणि पुढं विचारायच्या नाहीत. मेच्या सुट्टीत दुकानात बसायची ती त्याच निमित्तानं. रोहिणीला बाराखडी मी तिथंच गिरवायला लावली, तिची आई, तुमची सुनंदा, गेली तेव्हा पोरीची वेणी घालायला मी तिथंच होते. सूर्य खोटा होता हे तुम्ही त्या एप्रिलला सांगितलं असतंत, तर मी भिंतीकडं तोंड करूनच म्हटलं असतं, बरं झालं. आणि तशीच पडून राहिले असते. यावर मी चहा संपेपर्यंत विचार केला. चहा संपल्यावर सोडून दिला.

रोहिणी बाहेर आली. आकडा तिनं सांगितला नाही, मीही विचारला नाही.

"मोठीआई, गाळा राहतो," म्हणाली. आणि तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा रडली. मी तिला डबा दिला. एक तिनं तिथंच खाल्ली, दोन मग आत नईमनं. तिसरी नाही म्हणून त्याला वाईट वाटलं.

आत गेलो तर नईम प्लेट हातात घेऊन बसलेला. जरा अवघडून म्हणाला, "अम्मा, एक बात बोलता हूं. बंगलोर की पार्टी है. वो ये नीला निकालेंगा. वापस सफेद करेंगा."

माझं तोंड उघडलं होतं. माझा निळा. त्याखाली किती गाणी गायलीत, किती गावं. आणि उघडल्या तोंडानं मला आठवलं की जन्मला तसाच राहायला पाहिजे असं नाही, हे पन्नास वर्षं मीच सांगत आले. ज्याच्या हातात आहे त्यानं त्याला रंग द्यावा. तुम्ही भांडणात मला असं पकडलं असतंत तर मी मानलं नसतं. पण समोर तुम्ही नव्हता. हरायला हरकत नव्हती.

"देऊ दे त्याला हवा तो रंग," मी म्हटलं.

"मोठीआई, हे तू बोलून राहिलीस?"

"हाव. मीच."

मग तिनं गल्ल्याशेजारच्या डबीतून तुमची पेन्सिल काढली. बोटाएवढी राहिली आहे, चाकूनं टोक केलेली. माझ्यापुढं धरली. "खोलणाऱ्यानं लिहायचं असतं."

"खोललं नईमनं."

"दंड कुणी भरला?"

बेस टेबलावर उताणा होता. नईमनं उजेड धरला. प्लेटखालच्या लाकडाला नवा मालक रंग देणार नाही. तिथं कुणी देत नाही, तुम्हीच सांगितलं होतं. तुमच्या ओळींखाली बोटभर जागा सोडली. मनगट दुखत होतं, तरी अक्षर चांगलं काढलं. मास्तरणीचं आहे, शंभर वर्षांनी उघडणाऱ्यालाही वाचता येईल. तुम्ही एक लिहायचं टाळलं होतं, निळा कुणाचा. ते आधी लिहिलं: "निळा रंग शकुंतलेचा, दाराचा उरलेला." खाली तारीख घातली, परवाची.

आणि तारखेच्या पुढं तुमच्या शेवटच्या वाक्याला उत्तर दिलं, तुमच्यासारखंच, एका ओळीत.

"वैनीला समजलं."